निंदणातून सुटलेलं

श्रावणाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपते आणि निंदण सुरू होतं. लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, कुठंही जा, घोटाभर पाण्याच्या बांधीत बायांची रांग वाकलेली दिसते. बोटं धानाच्या बुडाशी, बोलणं मजुरीचं, सासरचं, पोरीच्या लग्नाचं, आणि तरी हात चुकत नाही. उपटलेल्या मुठीत लव्हाळा असतो, नाना तऱ्हेचं गवत असतं आणि पाखड असते. पाखड ओळखणं हीच खरी परीक्षा. कोवळेपणी ती धानासारखीच हिरवी, तशीच उभी, तशाच लांब पात्यांची. जाणती बाई पातं जरा ओढून त्याचा सांधा पाहते. धानाच्या सांध्याशी पातळ, पांढुरकी जीभ असते. पाखडीला ती नसते. नवख्या पोरीच्या हातून नेमकं उलटं होतं, पाखड राहते आणि धान उपटला जातो. मग रांगेतली एखादी मावशी तिला चार शब्द सुनावते.

पाखड धानासारखी दिसते हा निव्वळ योगायोग नव्हे. ओसाड जागी, नालीच्या काठी वाढणारे तिचे गणगोत पाहिले की फरक कळतो. तिथले फुटवे पसरट, जमिनीकडे झुकलेले, बुडाशी बऱ्याचदा जांभळट. बांधीत टिकणारं तण ताठ आणि आटोपशीर. चीनमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये यांगत्सी नदीच्या खोऱ्यातल्या अशाच तणाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धानाची नक्कल करणारा प्रकार तिथं साध्या तणापासून सुमारे हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला, असा त्यांचा हिशेब निघाला. ही हजार वर्षं तिथले शेतकरी दर हंगामात नजरेला पडेल ते तण उपटत आले. नजरेला न पडलेलं पिकत राहिलं.

चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांचे निबंध 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले. त्यातला मूळ विचार, नैसर्गिक निवडीचा, बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून सांगता येतो. पहिली गोष्ट, सगळी पाखड सारखी नसते. एखादी अधिक ताठ, एखादी अधिक पसरट. दुसरी, हा फरक बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतो. तिसरी, जन्मलेल्या सगळ्यांना बी धरता येत नाही. काही उपटल्या जातात. चौथी, उपटलं कोण जाईल हे त्या फरकावर थोडंबहुत ठरतं. या चार गोष्टी जुळल्या की पाचवी आपोआप घडते. पुढच्या वर्षीच्या बांधीत ताठ पाखडीचं प्रमाण किंचित वाढतं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी किंचित.

यात कुणाची इच्छा कुठंच नाही. पाखडीला धान ठाऊक नाही, सोंग घ्यायचं तिच्या मनात नाही, कारण तिला मनच नाही. बाईला तर पाखड नाहीशी करायची आहे. तरी तिच्याच नजरेने, पिढ्यान् पिढ्या, पाखडीला धानाचं रूप दिलं. निंदणारी जितकी तरबेज, तितकी तिच्या हातून सुटणारी पाखड धानाच्या अधिक जवळची. आळशी शेतकऱ्याच्या शेतात तणाला नक्कल करण्याची गरजच पडली नसती.

नैसर्गिक निवड म्हटलं की पुष्कळांना ‘बळी तो कान पिळी’ आठवतं. वाघ, सुळे, झुंज. पाखडीची गोष्ट या समजाला चांगलाच धक्का देते. बांधीत टिकते ती सर्वांत जोमदार, सर्वांत उंच पाखड नव्हे. ती तर पहिल्या नजरेत मुठीत जाते. टिकते ती गर्दीत मिसळून जाणारी, कुणाच्या डोळ्यावर न येणारी. परिस्थिती बदलली की लायकीची व्याख्याही बदलते. रशियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी याच धाग्याने राय या धान्याचा उगम सांगितला. गव्हाच्या शेतातलं तण निंदणातून आणि चाळणीतून सुटत सुटत गव्हासारखं होत गेलं आणि थंड मुलखात गहू हरला तिथं तेच पीक बनलं.

पाखड निदान वेगळ्या वंशातली आहे. धानाच्या घरातलाच वैरी याहून अवघड.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि बोड्या गावोगावी आहेत. मध्य भारतातल्या अशा उथळ पाणथळींत जंगली धान आपोआप उगवतो. शेजारच्या छत्तीसगडात त्याला पसहर म्हणतात आणि कमरछठच्या उपासाला तोच तांदूळ खातात, कारण त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं अन्न चालत नाही. तलावात पूज्य असलेला हा धान शेतात शिरून पिकाशी संकरित झाला की करगा होतो. करग्याच्या दाण्याला लांब कुसळ, आणि दाणा पिकला की लोंबीवरून आपसूक गळून चिखलात पडतो. कापणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती रिकामी लोंबी, आणि पुढच्या वर्षीचं बी जमिनीत. आवत्या पद्धतीने, म्हणजे बी फेकून पेरलेल्या धानात करगा फार माजतो, कारण रोवणीतल्यासारखी ओळ नसते आणि कोवळ्या रोपांत पीक कोणतं, करगा कोणता, हे कुणालाही सांगता येत नाही.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातल्या कृषिशास्त्रज्ञांनी करग्यावर एक नामी युक्ती काढली. बी. बी. दवे यांनी 1943 मध्ये मध्य प्रांतातल्या जंगली धानाच्या प्रश्नावर आणि त्याच्या उपायावर लिहिलं. उपाय असा: जांभळ्या पानांचा धान पेरायचा. शेतात जे हिरवं दिसेल ते करगा, ते उपटायचं. अडाणी माणसालाही चुकायला जागा नाही. युक्ती लागू पडली.

काही हंगामांपुरती.

धान बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, पण थोडा संकर होतोच. एखाद्या करग्याला जांभळ्या पिकाचा पराग मिळाला, त्याच्या बियांतून जांभळ्या पानांचा करगा उगवला. हिरव्या शेतात तो जगला असता किंवा नसता, कुणी विचारलं नसतं. जांभळ्या शेतात मात्र तो एकटाच सुरक्षित होता, कारण त्याचे सगळे हिरवे भाऊबंद निंदणात गेले होते. काही वर्षांत करगाही जांभळा झाला. पुढे जपानचे आनुवंशशास्त्रज्ञ हिकोइची ओका यांच्या लेखनातून आणि तणांवरच्या संशोधनातून हे उदाहरण जगभर गेलं. पाखडीला जे साधायला शतकं लागली ते करग्याने डोळ्यांदेखत केलं, कारण त्याला हवं ते जनुक शेजारच्याच रोपात तयार होतं.

करगा आणि धान यांच्यातली भाऊबंदकी जुनी आहे. जंगली धानाला दाणा गाळणं फायद्याचं. न गळलेला दाणा पाखरांच्या पोटात जातो. माणसाने विळा हाती घेतल्यावर पारडं फिरलं. गळलेला दाणा जमिनीतच राहिला, लोंबीला चिकटून राहिलेला घरी आला आणि पुढच्या वर्षी पेरला गेला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी ‘न गळणारा धान निवडू या’ असं ठरवलं नव्हतं. त्यांनी फक्त कापणी केली. दाणे गळण्याशी संबंधित एका प्रमुख जनुकाचा शोध 2006 मध्ये लागला, आणि फरक निघाला त्या जनुकातल्या एका अक्षराचा. त्या एका बदलावर आजचा भात उभा आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. बांधीत मात्र आजही दोन्ही निवडी एकाच वेळी चालतात. विळा न गळणारा दाणा पुढे पाठवतो, चिखल गळणारा.

डार्विनने याच विचारावरच्या 1859 च्या ग्रंथाची सुरुवात जंगलापासून केली नाही. पहिलं प्रकरण पाळीव जनावरांचं, कबुतरांचं, पिकांचं आहे. आधी माणूस काय निवडतो ते दाखवायचं, मग निसर्गाकडे वळायचं, असा त्याचा डाव होता. तो डाव पूर्व विदर्भातल्या वाचकाला समजावायला कबुतरांची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव पुरे.

तिथले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल 3’ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. हजारो लोंब्यांत त्या नजरेस पडणं हीच अर्धी करामत. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले, रानडुकरांपासून राखले, वर्षामागून वर्ष निवडत नेले. निघालेला बारीक, खायला चांगला तांदूळ बाजारात गेला तेव्हा त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला चिकटलं: एचएमटी. आज पूर्व विदर्भाच्या बाजारपेठेत हे नाव घड्याळापेक्षा तांदळाचंच आहे. दादाजींनी प्रयोगशाळा पाहून हे केलं नाही. निसर्गाने फरक पुरवला, त्यांनी तो ओळखला आणि धरून ठेवला. नवं काही निर्माण करण्याची शक्ती निवडीत नसते. समोर आलेल्यातून काय पुढे जाईल एवढंच ती ठरवते. दादाजी 2018 मध्ये गेले.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा आहे. तिथल्या खडकांत डायनासोरची अश्मीभूत विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. 2005 मध्ये त्यांनी दाखवलं की डायनासोरच्या काळात गवत होतं आणि खाल्लं जात होतं. 2011 मध्ये तर त्यांनी तिथल्या काही कणांचा संबंध थेट धानाच्या गटाशी लावला. साडेसहा कोटी वर्षांहून जुना हा पुरावा. वैनगंगेच्या काठी आज जो धान डोलतो त्याचे दूरचे आप्त दक्षिणेला दीड-दोनशे किलोमीटरच्या आत, अवाढव्य प्राण्यांच्या पायांखाली उगवत होते. तेव्हा विळा नव्हता, निंदणारी नव्हती. चरणारी तोंडं होती, दुष्काळ होता, लाव्हा होता. फरक, वारसा आणि गाळणी मात्र हेच.

एवढे आकडे ऐकले की उत्क्रांती ही फार सावकाश, फार लांब घडणारी गोष्ट वाटू लागते. डार्विनलाही तसंच वाटत होतं. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला तिचा वेग कळतो तो गादमाशीमुळे.

गादमाशी डासाएवढी, नारिंगी-तांबूस पोटाची. प्रौढ माशी एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस जगते. तेवढ्यात मादी धानाच्या पात्यांवर अंडी घालते. ढगाळ, दमट हवेत अंड्यातून निघालेली अळी ओलाव्यावरून सरपटत थेट फुटव्याच्या कोंबात शिरते. तिच्या खाण्याने कोंब बिघडतो आणि लोंबीच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी वर येते. याला चंदेरी पोंगा म्हणतात. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. कोष नळीतून वर सरकतो, टोकाशी भोक पाडतो, माशी उडून जाते आणि रिकामं कवच भोकाशी लटकत राहतं. सगळा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. उशिरा रोवलेल्या धानाला फटका जास्त बसतो.

अळी कोंबात लपलेली असल्याने फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रतिकारक वाणांवर भर दिला. भारतातल्या आणि थायलंडमधल्या जुन्या देशी धानांत असे गुण होते की अळी कोंबाशी पोचूनही वाढत नाही, मरते. थायलंडच्या ‘सियाम 29’ या धानातला असा गुण घेऊन ‘फाल्गुना’ हा वाण तयार झाला आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस शेतात आला. जिथं गादमाशीने नुकसान होत होतं तिथं तो शेतकऱ्यांना आवडला, पसरला.

1986 च्या सुमारास आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, श्रीकाकुळमकडे, फाल्गुनाच्या शेतात चंदेरी पोंगे दिसू लागले. अळ्या मरत नव्हत्या. तिथल्या माशीला शास्त्रज्ञांनी जैवप्रकार 4 असं नाव दिलं. हाच जैवप्रकार महाराष्ट्रात नोंदला गेला तो भंडारा जिल्ह्यात. भारतात गादमाशीचे सात जैवप्रकार ओळखले गेले आहेत. ते कोणत्या वाणावर जगतात आणि कोणत्या वाणावर मरतात यावरून त्यांची ओळख पटते. दिसायला त्या माश्या एकमेकींसारख्याच.

अशा वेळी गावात सहज म्हटलं जातं, माशी सरावली. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात लामार्कची कल्पना येते, मान ताणून ताणून लांब झालेल्या जिराफाची. सरावलेली माशी त्याच जिराफाची बहीण. प्रत्यक्षात एकही माशी सरावली नाही. दोन-तीन दिवसांच्या आयुष्यात सराव करायला वेळ कुठला? फाल्गुना येण्याच्या आधीच लाखो माश्यांत काही थोड्या अशा असाव्यात की ज्यांच्या अळ्यांना त्याचा प्रतिकार बाधत नव्हता. इतर वाणांवर त्यांचा काही खास फायदा नव्हता, म्हणून त्या विरळ राहिल्या. चहूकडे फाल्गुना पसरला तेव्हा बाकीच्यांच्या अळ्या मेल्या आणि शेत या थोड्यांना मोकळं मिळालं. खरिपात चार-पाच पिढ्या, दर मादीची शेकड्याच्या घरात अंडी. विरळ असलेलं बहुसंख्य व्हायला एका दशकाचा अवधी पुष्कळ झाला.

इथं जांभळ्या धानाची गोष्ट पुन्हा घडलेली दिसते, फक्त निंदणाऱ्या बाईच्या जागी रोपाचा प्रतिकार आहे. एकच चांगला वाण, एकाच गुणावर, दूरदूरपर्यंत. जितकी ती मोहीम यशस्वी, तितकी तिच्यातून सुटणाऱ्याची चंगळ.

हे समजल्यावर हात बांधून बसावं लागतं असं नाही. निवड कशी चालते हे ठाऊक असलं की तिच्याशी डावही खेळता येतो. एका वाणात दोन वेगवेगळी प्रतिकारक जनुकं घातली, तर दोन्हींना एकाच वेळी चकवणारी माशी मिळणं फार दुर्मीळ होतं. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या गुणांचे वाण ठेवले, तर एकाच माशीला सगळीकडे मोकळं रान मिळत नाही. वेळेवर रोवणी केली तर धानाचा नाजूक काळ माशी वाढण्याआधी निघून जातो. गादमाशीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी प्लॅटिगॅस्टर नावाची इवली गांधीलमाशी आहे, ती तर फुकट राबते. सरसकट फवारणीने तीही मरते.

पण नवे मोहही समोर आहेत. रोवणीला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून थेट पेरणीकडे पुन्हा ओढा वाढतो आहे. थेट पेरणी म्हटली की करगा आलाच. त्यावर तणनाशक सहन करणारा धान हा आजचा उपाय. 2021 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा बासमती 1979’ आणि ‘पुसा बासमती 1985’ हे असे दोन वाण देशाला मिळाले. इमॅझेथापायर फवारलं की तण मरतं, धान उभा राहतो. अमेरिकेत असा धान या शतकाच्या सुरुवातीलाच आला होता. तिथल्या जंगली धानाने काही वर्षांतच संकरातून तोच गुण उचलला आणि तणनाशकात ताठ उभा राहू लागला. जांभळं पान असो की तणनाशकाचा प्रतिकार, करग्याला पिकाकडून उसनं घेणं नवं नाही. म्हणूनच या वाणांसोबतची शिस्त महत्त्वाची: स्वच्छ बियाणं, फुलोऱ्याआधी सुटलेला करगा हाताने काढणं, लागोपाठ हंगामांत तेच बियाणं आणि तेच औषध न वापरणं. ही शिस्त पाळायला मजूर लागतातच, आणि मजूर वाचवण्यासाठीच तर हे वाण घेतलेले असतात.

साकोलीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आणि धानाच्या देशपातळीवरच्या समन्वित प्रकल्पात गादमाशीच्या चाचण्यांसाठी साकोलीचं नाव ठरलेलं असतं. या चाचण्यांत ‘तायचुंग नेटिव्ह 1’ हा माशीला सहज बळी पडणारा धान असतो, शिवाय वेगवेगळ्या गुणांचे प्रतिकारक धान ओळीने लावलेले असतात, आणि प्रत्येक ओळीतले चंदेरी पोंगे मोजले जातात. कोणती ओळ टिकली आणि कोणती पडली यावरून बांधीत आज कोणती माशी आहे ते कळतं. कालपर्यंत पोंगा न दाखवणाऱ्या ओळीत चार-दोन पोंगे निघाले, तर शास्त्रज्ञ ते मोजून, तपासून, पुन्हा लावून खात्री करतात, हैदराबादला, प्रकल्पाच्या मुख्यालयाला, कळवतात, अहवाल छापला जातो. त्याला वर्ष लागतं. माशीची पुढची पिढी तीन आठवड्यांत उडते.